जुने घर पाडण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुने घर पाडून त्या जागी नवे बांधण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचे आजोबांनी बांधलेले चिऱ्याचे कौलारू घर आहे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि मागे पडवी अशी रचना आहे. मी मुंबईतील नोकरीतून निवृत्त झालो असून यापुढे गावीच राहण्याचा विचार आहे. वानर कौले फोडतात, शाकारणीला (पावसाळ्यापूर्वी कौले काढून पुन्हा नीट बसवायला) माणसे मिळत नाहीत, वाशांना वाळवी लागली आहे आणि पश्चिमेकडच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. ठेकेदाराचे म्हणणे असे की, डागडुजीत पैसे घालण्यापेक्षा घर पाडून स्लॅबचे बांधावे. सर्व खर्च मीच करणार आहे. घरपट्टी अजून आजोबांच्या नावे येते. दोन भाऊ आणि एक बहीण यांची तोंडी संमती आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : ठेकेदाराने दिलेला सल्ला त्याच्या सोयीचा आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मोकळ्या जोत्यावर नवे काम घेतले की चौरस फुटाचा दर लावता येतो. जुन्या घरात मात्र एक वासा काढला की शेजारचे तीन कुजलेले निघतात आणि अंदाजपत्रक कोलमडते, म्हणून दुरुस्तीचे काम अंगावर घ्यायला सहसा कोणी राजी नसते. तुम्ही मात्र तुमच्याच पत्रातील तक्रारी पुन्हा एकदा वाचून पाहा. चारपैकी तीन तक्रारी छपराच्या आहेत आणि एक भिंतीच्या ओलीची आहे. जोते खचल्याची किंवा भिंत कलल्याची एकही नाही. छप्पर बिघडले म्हणून भिंती पाडायच्या का, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

त्यासाठी प्रथम प्रत्येक भिंतीला ओळंबा लावून ती सरळ आहे की पोटात फुगली आहे ते पाहा. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांची चिंता करण्याचे कारण नाही; परंतु खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघून चिऱ्यांच्या सांध्यासांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भेग असेल, तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने घट्ट बसवा आणि त्या प्लास्टरवर तारीख कोरून ठेवा. एक पावसाळा गेल्यावर काच अखंड राहिली, तर ती भेग जुनी आणि थांबलेली आहे असे समजावे. काच तडकली, तर जोत्याखाली हालचाल चालू आहे, आणि मग स्थापत्य अभियंत्याला प्रत्यक्ष जागेवर आणल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नका.

ओलीचे कारण बहुधा बाहेर सापडेल. कोकणातला पाऊस नैऋत्येकडून येत असल्यामुळे पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त भिजते, हे तुमच्या आजोबांनाही ठाऊक होते आणि म्हणूनच त्या बाजूच्या पागोळ्या, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडा, लांब ठेवण्याची पद्धत होती. मधल्या काळात कोणीतरी त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल, किंवा दरवर्षी भर घालून अंगण जोत्याच्या बरोबरीला आले असेल, तर मातीच्या सांध्यात शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. तो गिलावा खरवडून चुन्याचा करणे, अंगण वीतभर खाली नेणे आणि पागोळीचे पाणी पन्हळीने दूर सोडणे ही कामे खर्चाने लहान आहेत, आणि ती करून पाहिल्याशिवाय भिंतीला दोष देता येत नाही.

वाशांचे म्हणाल, तर लाकूड बहुतेक वेळा टोकाला कुजते. भिंतीत गाडलेली तुळईची टोके आणि भिंतीच्या माथ्यावर टेकलेली वाशांची टोके स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. पाते सहज आत गेले, तर ते टोक गेले असे धरा. मध्यावर ठोकल्यावर खणखणीत आवाज येत असेल, तर उरलेले लाकूड अजून एक पिढी टिकेल. ऐन, किंजळ, साग यांचे जुने पक्व लाकूड आज त्या भावात मिळत नाही. वाळवीने सगळेच पोखरले असेल, तर छपराचा सांगाडा लोखंडी पाइपांचा करून घ्या, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर कौले बसवा. वानरांनी कौले फोडली तरी पाणी घरात येत नाही आणि फुटलेली कौले सवडीने बदलता येतात. शाकारणीची दरवर्षीची घाईही त्यामुळे संपते.

स्लॅबविषयी माझे मत थोडे कडवट आहे. वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात सपाट स्लॅब घातलेली घरे तुम्ही येता-जाता पाहिली असतील. त्यांतल्या किती घरांवर नंतर पत्र्याची शेड चढली आहे तेही पाहा. स्लॅब गळतो आणि उन्हाळ्यात तापतो, म्हणून त्यावर पुन्हा छप्पर घालायचे, म्हणजे डोक्यावरच्या आच्छादनाचे पैसे दोनदा मोजायचे. तुम्हाला वयामुळे घरातच शौचालय हवे असेल, माजघरात उजेड हवा असेल, तर त्या गरजा खऱ्या आहेत. परंतु मागच्या पडवीच्या जागी नवा भाग जोडून आणि माजघरावर काचेची चार कौले बसवूनही त्या भागतात. भिंत खरोखरच फुगलेली निघाली किंवा जोते खचत असेल, तर मात्र भावनेत न अडकता घर उतरवा, आणि तेव्हाही चिरे एकेक करून सोडवून घ्या. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, खाणीतून काढल्यावर हवेत आणखी टणक होत जातो, त्यामुळे मातीत बांधलेल्या भिंतीचा चांगला चिरा नव्या भिंतीत निःशंकपणे वापरता येतो.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण तुमच्या पत्रातील खरी काळजीची गोष्ट तिथे आहे. घरपट्टीचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8, हा कर आकारणीचा कागद आहे. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. आजोबांच्या नावावरून वारसनोंद झालेली नसेल, तर आज त्या घरावर केवळ तुम्हा चार भावंडांचाच नव्हे, तर आजोबांच्या इतर मुलामुलींच्या शाखांचाही हक्क असू शकतो. राहत्या घराची वाटणी बहीण मागू शकत नाही, असा समज गावोगाव अजून पक्का आहे. हिंदू वारसा कायद्यातील ज्या कलमावर तो आधारलेला होता, ते 23 वे कलम 2005 च्या दुरुस्तीने वगळण्यात आले, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच असतो, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा बहिणीची संमती ही सौजन्याची बाब न मानता हक्काची बाब मानून चाला.

“तू बांध की, आमचं काही नाही,” असे भावंडे आज मनापासून म्हणत असतील. परंतु आज त्यांच्यासमोर गळके घर आहे; उद्या रंग दिलेले नवे घर उभे राहील, आणि तोवर भावंडांच्या जागी त्यांची मुले बोलू लागतील. सामाईक जमिनीवर तुम्ही एकट्याच्या पैशाने घर बांधले, म्हणून जमिनीतला इतरांचा हिस्सा संपत नाही. म्हणून आधी वारसनोंद करून घ्या. त्यानंतर भावंडे खरोखर हक्क सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, आणि वाटून घेणार असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र करा. ती हक्क सोडायला तयार नसतील, तर त्यांच्यावर दडपण आणू नका. तसे असेल तर नवे घर न बांधता दुरुस्तीच करावी आणि खर्चाचा करार सर्वांच्या सह्यांनी करून ठेवावा, असे मी सुचवीन, कारण वाद झालाच तर गुंतलेली रक्कम तरी लहान राहील.

शेवटी परवानगी. सुमारे 3200 चौरस फुटांपर्यंतच्या ग्रामीण घरांसाठी नगररचना कार्यालयात हेलपाटे घालण्याची पद्धत राज्य सरकारने 2021 मध्ये सैल केली आणि काम ग्रामपंचायतीच्या पातळीवर आणले. तरीही मालकीची कागदपत्रे आणि परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेले नकाशे लागतातच. कोकणात पुष्कळ वाड्या गावठाणाच्या रेषेबाहेर, सातबाराच्या जमिनीत आहेत. तुमचे घर त्यांतले असेल, तर अकृषिक वापराचा प्रश्न तलाठ्याकडे आधी विचारून घ्या. गावठाणातील असेल, तर 2020 पासून ड्रोनने मोजणी करून देण्यात येणारी मिळकत पत्रिका तुमच्या गावात आली आहे का, ते भूमी अभिलेख कार्यालयात पाहा. आणि घर उभे असतानाच त्याचा मोजमापांसह नकाशा काढून घ्या, चारही बाजूंची, रस्त्यापासूनच्या अंतरासह छायाचित्रे काढून ठेवा. घर किती होते, कुठवर होते, शेजाऱ्याची हद्द कुठे लागत होती, याचा सर्वांत बळकट पुरावा ते घरच असते, आणि ते उतरवल्यावर हा पुरावा कोणत्याही कचेरीतून परत मिळत नाही.

प्रश्न : निलंगा तालुक्यात आमचे दगडमातीचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे घर आहे. भिंती हात-दीड हात रुंद, खांब आणि तुळया सागवानी. उन्हाळ्यात घर इतके थंड असते की पंखा लागत नाही. 1993 च्या भूकंपातही ते पडले नाही. मुलगा पाडायचे म्हणतो. इतके मजबूत घर पाडावे का?

उत्तर : होय, मुलाचे ऐका. कोकणातील घराविषयी वर जे लिहिले, ते तुमच्या घराला लागू होत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचा जीव त्यांच्या स्वतःच्या घरांनी घेतला, आणि ती घरे तुमच्या घरासारखीच होती. तुमचे घर तेव्हा वाचले यावरून त्या ठिकाणी हादरा कमी बसला एवढेच कळते; भिंतीच्या बळाविषयी त्यातून काही सिद्ध होत नाही. या भिंती बाहेरून एकसंध दिसल्या, तरी त्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन स्वतंत्र थरांच्या असतात आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती भरलेली असते. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नसतील, तर हादऱ्यात एक थर बाहेर आणि एक आत कोसळतो. अनेक गावांत लाकडी सांगाडा जागेवर उभा होता आणि भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या होत्या.

दुसरी गोष्ट छपराच्या वजनाची. गळती लागली की माळवदावर मातीचा नवा थर द्यायचा, अशी पिढ्यान्पिढ्यांची रीत असल्यामुळे काही घरांवर मातीची जाडी दोन फुटांपर्यंत पोहोचलेली आढळते. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एका खोलीचा हिशेब करा : दोनशे घनफूट माती, घनफुटाला सुमारे 45 किलो धरले तरी नऊ टन, आणि तेही कोरडी असताना. ज्या गारव्याचे तुम्हाला कौतुक आहे, तो याच नऊ टनांचा आहे.

पाडण्याचा निर्णय लांबणार असेल, तर निदान येत्या पावसाळ्यापूर्वी वरची जादा माती उतरवून घ्या. एवढ्यानेही धोका बराच कमी होतो. पाडकाम करताना क्रम वरून खाली असाच ठेवा : आधी माती, मग कडीपाट (मातीखालच्या लाकडी कड्या आणि फळ्या), मग तुळया आणि खांब, आणि सर्वांत शेवटी भिंती. जेसीबी आणून खालून धक्का द्यायचा आणि एका दिवसात काम उरकायचे, असा मोह ठेकेदाराला होईल. माती डोक्यावर असताना तसे करू देऊ नका, त्यात मजूर दबून मरतात. सागवान उक्त्या किमतीला देऊन टाकू नका. प्रत्येक खांब, तुळई आणि कडी यांवर खडूने क्रमांक घाला, लांबी-रुंदी वहीत उतरवा आणि मगच व्यापाऱ्याला बोलवा. लाकूड दुसऱ्या गावी न्यायचे असेल, तर वाहतुकीच्या परवान्याविषयी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात आधी चौकशी करा. नव्या घरात जोत्याच्या आणि दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर सर्व भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा घालायला सांगा. गवंडी तो फक्त दारे-खिडक्यांपुरता घालून पुढे जाईल, म्हणून त्या दिवशी स्वतः उभे राहा.

प्रश्न : वाई येथे आमचा वाडा आहे. तीन भाडेकरू अनेक वर्षांपासून नाममात्र भाड्याने राहतात. दुरुस्ती परवडत नाही. नातेवाईक सुचवतात की, दुर्लक्ष करावे, वाडा आपोआप पडेल किंवा नगरपालिका धोकादायक म्हणून उतरवेल आणि भाडेकरूंचा प्रश्न सुटेल.

उत्तर : नातेवाइकांचा हा सल्ला माणुसकीला धरून नाही, आणि कायद्यातही तो टिकत नाही. इमारत पडली किंवा उतरवली म्हणजे भाडेकरार संपतो, असे पूर्वी मानले जाई; 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने महाराष्ट्रातीलच एका खटल्यात ते अमान्य केले आणि इमारत गेली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही असा निर्णय दिला. भिंत पडून कोणी दगावले, तर मालक म्हणून तुमच्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते, ती वेगळीच.

सरळ मार्ग लांबचा आहे, पण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 16 नुसार घर पाडून नवे बांधण्यासाठी मालकाला ताबा मागता येतो. मात्र त्यासाठी बांधकामाचे पैसे आणि आराखडे तयार आहेत हे न्यायालयाला पटवावे लागते, आणि सध्याच्या भाडेकरूंना नव्या इमारतीत त्यांच्या जागेच्या तोडीची जागा देण्याची हमी द्यावी लागते. त्यापेक्षा बरे म्हणजे तिघांना एकत्र बसवून करार करणे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव चटईक्षेत्राची, म्हणजे जास्त बांधकाम करू देण्याची तरतूद आहे, त्यामुळे भाडेकरू वाड्यात असणे ही तुमच्यासाठी निव्वळ अडचण नाही. करार करण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे आतून मोजमाप घेऊन त्या तक्त्यावर तिघांच्या आणि तुमच्या सह्या घ्या. खोली किती होती यावरून वाडा पाडल्यानंतर सुरू होणारी भांडणे मी पुष्कळ पाहिली आहेत. मोजणीचा एक तक्ता असता तर त्यांतली बहुतेक झालीच नसती.

प्रश्न : पेडणे, गोवा येथील वडिलांचे मातीचे घर आम्ही तिघे भाऊ मिळून नवे बांधणार आहोत. वारसाहक्काचा महाराष्ट्रात चालणारा कायदा आम्हाला लागू होतो का? काम कोणत्या महिन्यात काढावे?

उत्तर : नाही. गोव्यात वारसा आणि विवाहोत्तर मिळकत यांसाठी पोर्तुगीज काळापासून चालत आलेली समान नागरी कायद्याची परंपरा आहे. वेगळा विवाहपूर्व करार नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून तिघा भावांच्या सह्या पुरत नाहीत. तुमच्या पत्नींच्या, आणि बहिणी असतील तर त्यांच्या व त्यांच्या पतींच्याही सह्या लागतील. वारस ठरवणे आणि वाटणी यांसाठी इन्व्हेंटरीची न्यायालयीन प्रक्रिया आहे. ती पूर्ण झाल्याखेरीज घराला हात लावू नका.

कामाचे म्हणाल, तर दिवाळीनंतर जुने घर उतरवून मृग नक्षत्रापूर्वी नव्यावर छप्पर चढले पाहिजे. पाडकामाला महिना गेला असे धरले, तर हाती जेमतेम सहा महिने उरतात. त्यांतही पाण्याचा विचार आधी करा, कारण काँक्रीटवर बरेच दिवस सतत पाणी मारावे लागते. तुमची विहीर एप्रिलमध्ये तळाला जात असेल, तर काँक्रीटचे सर्व काम मार्चअखेर संपेल असेच वेळापत्रक ठेकेदाराकडून लिहून घ्या.

प्रश्न : कोल्हापूरच्या जुन्या वस्तीत आमचे आणि शेजाऱ्याचे घर एकाच भिंतीवर आहे. आमची अर्धी भिंत आम्ही पाडू शकतो का?

उत्तर : भिंत सामाईक असेल, तर तिची अर्धी जाडी वेगळी पाडता येत नाही. तुमच्या तुळया त्या भिंतीतून काढल्या की शेजाऱ्याच्या छपराचा दाब तिच्यावर एकाच बाजूने राहतो आणि ती तुमच्या मोकळ्या जागेकडे ओढली जाते. ती भिंत तशीच राहू द्या, तुमचा पाया तिच्यापासून थोडा आत घ्या आणि नव्या घराला स्वतंत्र खांब द्या. पाया खोदताना तो सामाईक भिंतीच्या पायापेक्षा खोल जाणार असेल, तर सलग चर न खणता चार-पाच फुटांचे तुकडे आलटून पालटून खणा आणि एक भरल्याशिवाय दुसरा उघडू नका. काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्याच्या घरातील आधीच्या भेगांची छायाचित्रे त्याच्यासमोर काढून एक प्रत त्याला द्या. नंतर जी भेग दिसेल ती तुमच्यामुळेच पडली असे त्याला वाटणार, आणि तेव्हा दोघांकडेही दाखवायला काही असलेले बरे. दोन भिंतींमधील फटीत पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून वरून पत्र्याचे झाकण लागेल. त्याचा खर्च तुम्हीच करा.